जॉप्लिनला घर घेताय? सही करण्याआधी अंगणातली माती तपासा

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कॅन्सस आणि ओक्लाहोमाच्या सीमांना खेटून, जॉप्लिन हे पन्नासेक हजार वस्तीचे शहर आहे. मोठी रुग्णालये, विद्यापीठ, २०१७ पासून वैद्यकीय महाविद्यालय, परवडणारी घरे आणि घरामागे हिरवळ. शिक्षण-नोकरीसाठी बिऱ्हाड हलवणाऱ्या तरुण कुटुंबाला आणखी काय हवे? अमेरिकेत डॉक्टरांची रेसिडेन्सी १ जुलैच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे घरांचे करार घाईगर्दीत, पुष्कळदा नुसते फोटो बघून होतात. घरात सहा वर्षांखालचे मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर ही घाई करू नका.

जॉप्लिन शिसे आणि जस्ताच्या खाणींवर उभे राहिले. १८७३ मध्ये ते शहर म्हणून वसले आणि पुढची कित्येक दशके तीन राज्यांच्या सीमेवरचा हा पट्टा जमीन पोखरत राहिला. १९७० च्या सुमारास खाणकाम पुरते थांबले. धातू काढून उरलेली बारीक खडी मात्र मागेच राहिली. तिथले लोक तिला ‘चॅट’ म्हणतात. तिचे डोंगर साचले होते आणि ती सहज मिळत होती, म्हणून लोकांनी ती रस्त्यांवर, घरांच्या पायांत, भरावात, अगदी मुलांच्या खेळायच्या वाळूतही टाकली. शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या धुरातून आसपासच्या मातीवर आणखी थर बसला.

१९९० मध्ये केंद्र सरकारने इथला खाणपट्टा ‘सुपरफंड’ या अतिप्रदूषित जागांच्या यादीत घातला. पुढे अडीच हजारांच्या वर घरांच्या अंगणांतली माती काढून नवी टाकण्यात आली. ज्यांच्या विहिरी दूषित होत्या त्यांना नळाचे पाणी दिले गेले. मग २२ मे २०११ रोजी चक्रीवादळाने शहराचा मोठा भाग भुईसपाट केला. १६१ माणसे गेली, हजारो घरे पडली, पायाखालचा जुना भराव उघडा पडला आणि अंगणे पुन्हा तपासावी लागली. जॉप्लिनहून तासाभराच्या आत ओक्लाहोमातले पिचर आहे. १९९० च्या दशकात तिथल्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या रक्तात शिसे जास्त आढळले. पुढे सरकारने घरे विकत घेऊन लोकांना हलवले आणि २००९ मध्ये ती नगरपालिकाच बंद झाली.

जॉप्लिन म्हणजे पिचर नव्हे. तिथे हजारो कुटुंबे सुखाने राहतात, म्हणून जाऊच नका असे आमचे म्हणणे नाही. पण एका घराचे अंगण साफ झालेले असते आणि शेजारचे राहिलेले असू शकते. हिरवळीकडे पाहून यातले काही कळत नाही. मुलाकडे पाहूनही कळत नाही, कारण शिसे अंगात गेले म्हणून ताप येत नाही की पुरळ उठत नाही. बुद्धीची वाढ, एकाग्रता, ऐकण्याची क्षमता यांवर परिणाम होतो आणि तो ध्यानात येईपर्यंत वर्षे गेलेली असतात. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट वाटा लहान मूल शोषून घेऊ शकते. शरीर त्याला कॅल्शियमसारखेच वागवते आणि हाडांत साठवते. गरोदरपणात आईच्या हाडांतले जुने शिसे पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते. आपल्याकडच्या बायका-मुलांत पंडुरोग किती आहे हे वेगळे सांगायला नको.

म्हणून कळकळीची विनंती :

१. करारापूर्वी शहराच्या किंवा काउंटीच्या आरोग्य विभागाला घराचा पत्ता देऊन विचारा : हे अंगण तपासले होते का? आकडा किती आला? ‘साफ केलेले आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. मातीच्या दहा लाख भागांत ४०० भाग शिसे ही निवासी जागेची जुनी पातळी २०२४ मध्ये २०० वर आणली गेली. जुनी सफाई जुन्या मापाने झालेली असू शकते.

२. घर १९७८ च्या आधीचे असेल तर रंगाचीही चौकशी करा. शिशाच्या रंगाबद्दल जे ठाऊक आहे ते सांगणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मात्र त्या कागदात खाणीच्या मातीचा हिशेब आला असेल असे गृहीत धरू नका. तो वेगळा विचारा.

३. मुलाच्या रक्तातले शिसे वर्षाच्या आणि दोन वर्षांच्या वयात तपासून घ्या. मूल त्याहून मोठे असेल तर तिथे पोहोचताच तपासा. डॉक्टरांनी सुचवले नाही तर तुम्ही मागा. एका डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले तर कारण शोधायचे, आणि बोट टोचून केलेली चाचणी शिरेतल्या रक्तावर पुन्हा करून घ्यायची.

४. मातीचा अहवाल येईपर्यंत मेथी-कोथिंबीर, मुळा, बटाटे अंगणात लावू नका. लावायचेच तर उंच वाफ्यात, विकतच्या मातीत.

५. चपला-बूट दाराबाहेर काढण्याची आपली सवय तिथेही सोडू नका. कोरडा केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. खाण्याआधी मुलांचे हात धुवा.

आता एक शब्द इकडून बॅगा भरणाऱ्या आजी-आजोबांना. शिशाची बेरीज होत जाते. थोडे मातीतून, थोडे रंगातून आणि थोडे आपल्या डब्यांतूनही. मारुतीला वाहतो तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग आहे. नागभस्म शिशापासूनच बनते. काही काजळ-सुरम्यांत शिसे सापडले आहे. सुट्या हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात उघड झाले आहेत. कल्हईच्या कथलात शिशाची भेसळ असू शकते. तेव्हा नातवंडांसाठी भस्मे, काजळ, सुटी हळद आणि नव्याने कल्हई केलेली भांडी पाठवू नका. देवघरातला शेंदूर मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

शिशाने झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. रक्तातले शिसे उतरवण्याची औषधे पातळी फार चढल्यावरच देतात, आणि गेलेली वाढ त्यांनी परत येत नाही. टाळणे मात्र आपल्या हातात आहे : आरोग्य विभागाला एक फोन, मातीची एक चाचणी, रक्ताचा एक थेंब. तुमचा मुलगा, मुलगी, भाचा, शेजारी जॉप्लिनला किंवा अशाच कुठल्या जुन्या खाणगावात निघाला असेल, तर हे आवाहन आजच त्याच्या हाती द्या. आणि त्याला बजावून सांगा : मातीचा आकडा हाती आल्याशिवाय सही करायची नाही.