लाईट रात्रीच येत असेल तर झोपायचं कधी?

रात्री साडेअकराला रील येतं. टी-शर्टातला एक तुकतुकीत माणूस सांगतो, झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद ठेवा. त्याच्या खालोखाल झोप मोजणाऱ्या अंगठीची जाहिरात. मग तोच माणूस पुन्हा येतो आणि म्हणतो, झोप म्हणजे शेवटी शिस्त. मोबाइलवरच मोबाइल बंद करायला सांगतात याचं हसू आता कुणाला येत नाही. पण त्या शेवटच्या वाक्याशी मला भांडायचं आहे, आणि हे भांडण दीपनगरात उभं राहून करायचं आहे.

दीपनगर म्हणजे भुसावळजवळची औष्णिक वीज केंद्राची वसाहत. तिथले 500 मेगावॅटचे संच संध्याकाळी विझवून सकाळी पुन्हा पेटवता येत नाहीत, त्यामुळे कुणीतरी रात्रभर जागं राहणारच. रात्रपाळीचं घर बाहेरूनच ओळखू येतं. भर दुपारी खिडकीला चादर बांधलेली असते, कुलर घरघरत असतो, पोरांना ओट्यावर पिटाळलेलं असतं. झोपताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यातल्या भुसावळच्या दुपारी, पारा 44-45 वर असताना, ते उतरवून दाखवा. इथे शिस्त नक्की कुठे लावायची?

आता तापी ओलांडून यावल-रावेरकडे या. आपल्याकडे विजेला लाईट म्हणतात. 'लाईट आली का?' याचा अर्थ दिवा लागला का असा नसतो, मोटर चालेल का असा असतो. शेतीच्या फीडरवर थ्री फेज चोवीस तास नसते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, असं वेळापत्रक फिरत राहतं. केळी मात्र पाण्याच्या बाबतीत वेळापत्रक ऐकून घेत नाही. मग रात्रीच्या पाळीत माणूस बॅटरी घेऊन निघतो. ऑटो स्टार्टर असला तरी फ्यूज उडतो, नळी निसटते, कॉक बदलायचा राहतो. साप आहेत, डीपीजवळ ओल आहे, सातपुड्याच्या बाजूला बिबट्याची भीती आहे. एका लाईटीसाठी कोळशाजवळ एक जागा, केळीत दुसरा जागा. आणि यांना आपण निळ्या प्रकाशाची गाळणी लावायला सांगणार.

मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. 2015 साली अमेरिकेत काही तरुणांना सलग पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास पडद्यावर पुस्तक वाचायला दिलं आणि छापील पुस्तकाशी तुलना केली. पडदा वाचणाऱ्यांचं शरीरातलं घड्याळ दीड तास मागे सरकलं. पण झोप लागायला किती वेळ जास्त लागला? सुमारे दहा मिनिटं. तेही प्रखर पडदा आणि दिवसभर मंद उजेड अशा परिस्थितीत. दहा मिनिटांच्या प्रश्नावर अख्खा बाजार उभा आहे आणि सबंध रात्रीच्या प्रश्नावर कुणी रील काढत नाही.

खरं तर हे विज्ञान शिस्तवाल्यांच्या बाजूचं नाहीच. 1729 मध्ये द मेराँ या फ्रेंच माणसाने लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसाच्या वेळी उघडत राहिली. घड्याळ आतच आहे, हा पहिला सुगावा. 1971 मध्ये फळमाशीतला 'पीरियड' हा जनुक सापडला आणि त्याचं काम उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. माणसात मुख्य घड्याळ मेंदूतल्या सुमारे 20 हजार पेशींच्या एका पुंजक्यात आहे. ते चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं आणि रोज उजेडाने जुळवलं जातं. तुमच्या निर्धाराने नाही, उजेडाने.

रात्रपाळीची गोची इथेच आहे. रात्रभर जागलेला माणूस सकाळी घरी निघतो, तेव्हा समोरून खानदेशचं ऊन येतं आणि शरीराला सांगतं, दिवस सुरू झाला. म्हणून वर्षानुवर्षं रात्रपाळी करूनही फार थोड्यांचं घड्याळ पूर्ण उलटं फिरतं. 'सवय होते' हे आपण त्यांना सांगतो, त्यांचं शरीर तसं म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्यांना 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि 2019 मध्ये रात्रपाळीबाबत ते वर्गीकरण कायम ठेवलं. प्रत्येक रात्रपाळीवाल्याला कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. पण एवढं वाचूनही हा विषय 'लवकर झोपा'वर संपवणं म्हणजे निव्वळ कामचुकारपणा.

यावर उपाय आहेत, आणि ते जुने आहेत. 1982 मध्ये चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या युटामधल्या एका खनिज कारखान्यात पाळ्यांची दिशा बदलली. सकाळ, मग दुपार, मग रात्र, अशी पुढे सरकणारी, आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलणारी पाळी. कामगार जास्त समाधानी झाले, उत्पादनही वाढलं. 1990 मध्ये झाइस्लर यांच्याच गटाने रात्री कामाच्या जागी प्रखर उजेड आणि दिवसा झोपायला पक्का अंधार दिला, तर काही दिवसांत घड्याळ वळतं हे दाखवलं. पण त्यासाठी कुणीतरी दिवे लावले पाहिजेत, पाळीपत्रक बदललं पाहिजे, क्वार्टरच्या खिडक्यांना काळे पडदे आणि भिंतींना गारवा दिला पाहिजे. हे कामगाराच्या हातात नाही. म्हणूनच अशा उपायांची अंगठी निघत नाही.

आपल्या देशातला पुरावाही पाहा. चेन्नईत कमी उत्पन्नाच्या 452 जणांवर केलेला प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसं रोज आठ तास अंथरुणावर असत, झोप मात्र साडेपाच तासांच्या आसपास. उकाडा, डास, गोंगाट. त्यांना डोळ्यांवरच्या पट्ट्या, पंखे, सल्ला, अगदी पैसेही दिले. झोप सुमारे अर्धा तास वाढली, कामात मात्र काही फरक पडला नाही. फरक पडला तो कामाच्या जागी दुपारी दिलेल्या छोट्या डुलकीने. कामाच्या जागी अर्धा तास पाठ टेकू देणं हे घरच्या सगळ्या शिस्तीला भारी पडलं. आपल्याकडे ड्युटीवर डोळा लागला तर मेमो मिळतो.

'मग वीज बंद ठेवायची का? दवाखाने, रेल्वे थांबवायची का?' असं कुणी विचारेल. नाही. काही रात्री लागतातच, त्यांचा मोबदला आणि वेळापत्रक नीट करा. पण केळीला पाणी देण्याची रात्र कुठल्या निसर्गनियमाने ठरलेली नाही. ती विजेच्या मागणीची गणितं जुळवताना शेतकऱ्याच्या वाट्याला टाकलेली आहे, कारण त्याची झोप कुठल्याच हिशोबात धरली जात नाही.

राज्याला हे कळत नाही असंही नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने आदेश काढला की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. कारण होतं मुलांची अपुरी झोप. म्हणजे झोप हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे हे लेखी मान्य झालं, फक्त मुलांपुरतं. 2017 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि 2023 मधली तिची दुसरी आवृत्ती शेतीला दिवसा वीज देण्यासाठी आहे. तिच्याबद्दल बोलताना मेगावॅट, अनुदान, युनिटचा दर हे सगळं येतं. माझ्या मते ती झोपेची योजना आहे आणि तिचं मोजमाप त्याच हिशोबाने व्हावं : अमुक तालुक्यात यंदा किती रात्री माणसांना मोटर चालू करायला उठावं लागलं, मागच्या वर्षी किती?

हा आकडा काढायला अंगठी लागत नाही. कुठल्या फीडरवर थ्री फेज किती वाजता सोडली आणि किती वाजता काढली, याची नोंद सबस्टेशनात होतेच. ती तालुक्याच्या नावासह दर महिन्याला लोकांसमोर मांडा.