‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे माणूस बरा, असं नाही: थायरॉईड आणि डोक्याचा मार

मागच्या उन्हाळ्यात एकाच सकाळी दोन पेशंट लागोपाठ आत आले. ओळख पटू नये म्हणून दोघांचेही तपशील थोडे बदलून सांगतो.

पहिली चाळिशीतली बाई, मुखेडकडची. खुर्चीवर बसायच्या आधीच नवऱ्याने पिशवीतून कागद काढून पुढे केला. "साहेब, हिला थायरॉईड निघालंय. शिबिरात तपासलं. आता गोळी जन्मभर का?" कागदावर टीएसएच ६.२. लॅबची वरची मर्यादा साधारण ४, म्हणून त्या आकड्याला कुणीतरी लाल पेनाने गोल केलेला.

दुसरा लातूरला नीटची तयारी करणारा अठरा वर्षांचा मुलगा. दहा दिवसांपूर्वी मित्राच्या गाडीवरून पडला होता. गतिरोधक दिसला नाही, एवढीच गोष्ट. सीटी स्कॅन झाला, नॉर्मल आला. वडील म्हणाले, "रिपोर्ट सगळा चांगला हाय साहेब, पण ह्यो नुसता झोपूलालाय. पुस्तक उघडलं की डोकं दुखतंय म्हणतो. अभ्यास टाळायचं निमित्त हाय का बगा जरा." मुलगा मान खाली घालून बसलेला.

एकीचा रिपोर्ट जरासा चुकला म्हणून घराने तिला जन्मभराची आजारी ठरवलं होतं. दुसऱ्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तो खोटं बोलतोय असं ठरलं होतं. दोन्ही निकाल चुकीचे होते. आपल्याकडे अलीकडे लक्षणं सांगायची आणि ऐकायची सवय सुटत चालली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. यात दोष पेशंटचा कमी आणि आम्हा डॉक्टरांचा जास्त. समोरचा बोलायला लागला की आम्ही फाइल मागतो.

आधी थायरॉईडचं बघू. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी. शरीराचं इंजिन किती वेगाने चालवायचं हे तिचा हार्मोन ठरवतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तिला टीएसएच नावाचा हुकूम पाठवते. थायरॉईड सुस्तावलं की हुकमाचा आवाज वाढतो, म्हणजे टीएसएच वाढतं. थायरॉईडने मर्यादा सोडून काम केलं की हुकूम बंद पडतो, टीएसएच जवळजवळ शून्यावर येतं.

कमी काम करणाऱ्या थायरॉईडची लक्षणं पुस्तकात एका ओळीत संपतात, घरात मात्र ती वर्षभर हळूहळू येतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत. आमच्या भागात मी एक प्रश्न हमखास विचारतो: "कूलर सहन होतो का?" एप्रिल-मेमध्ये नांदेडचा पारा ४२-४३ वर जातो, सगळं घर कूलरसमोर झोपतं, आणि एक बाई म्हणते, "माझ्याकडचं तोंड फिरवा, हुडहुडी भरतीय." याकडे घरचे चेष्टेने बघतात. मी ते लक्षण म्हणून लिहून घेतो. जोडीला बद्धकोष्ठ, कोरडी खरबरीत कातडी, सकाळी सुजल्यासारखा चेहरा, घोगरा झालेला आवाज, पाळीत जास्त रक्तस्राव, कंगव्यात येणारे केस, नाडी मंद. आणि विसरभोळेपणा. वयस्क माणसात तर हे इतकं वाढतं की घरच्यांना वाटतं, म्हातारपणाने डोकं चालत नाही. तरुण बाईला "आळशी झालीस" हे ऐकावं लागतं. वजन वाढतं, पण सहसा थोडंच. पंधरा-वीस किलो वाढलं आणि सगळा दोष थायरॉईडवर टाकला, असं बहुतेक वेळा खरं नसतं. हे सांगितलं की लोक नाराज होतात, पण काय करणार.

उलट्या बाजूचा आजार, म्हणजे जास्त काम करणारं थायरॉईड, आपल्याकडे ‘शुगर’ समजून तपासायला येतो. भूक चांगली, जेवण दुप्पट आणि वजन उतरत चाललेलं. छातीत धडधड, हाताला कंप, दरदरून घाम, झोप उडालेली, स्वभाव चिडका, दिवसातून तीन-चारदा शौचाला. काहींचे डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. साठीच्या पुढच्या माणसात कधी कधी यातलं फारसं काही नसतं, फक्त नाडी वेडीवाकडी पडते आणि दम लागतो. तिथे कार्डिओग्रामबरोबर थायरॉईडची तपासणी झालीच पाहिजे.

आता त्या बाईंकडे. नवऱ्याला म्हटलं, जरा त्यांनाच बोलू द्या. थोडा वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, जिना चढवत नाही, पाळी आठ-आठ दिवस चालते, माती खावीशी वाटते. कूलर? "लई आवडतो." पापणी खाली ओढून पाहिली तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन ७.४. थकवा होता तो मुख्यतः रक्ताच्या कमतरतेचा. शिबिरात हिमोग्लोबिन कुणी पाहिलंच नव्हतं, कारण जाहिरात थायरॉईडची होती. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि थायरॉईड दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, या वेळी फ्री टी-४ सकट. टीएसएच ३.६ आलं. गोळीची गरजच नव्हती.

टीएसएच ५ ते १० च्या मध्ये असेल आणि फ्री टी-४ बरोबर असेल, तर ते बऱ्याच जणांत आपोआप खाली येतं. म्हणून एका कागदावर जन्मभराची गोळी लागू नये. पण गरोदर बाईला किंवा मूल हवं असणाऱ्या बाईला हे थांबणं लागू नाही. पहिल्या तीन महिन्यांत पोटातलं बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं, मेंदूची घडण त्याच काळात सुरू होते. पाळी चुकली की लगेच तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. ज्यांना खरंच गोळी लागते त्यांनी ती "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नये. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा निदान अर्ध्या तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या अंतराने. डोस वाढवत जायची पाळी आलेल्या कित्येकांना मी फक्त चहाची वेळ बदलायला सांगितली आहे.

आता डोक्याचा मार. आपल्याकडे डोक्याला लागलं की दोनच प्रश्न विचारले जातात: बेशुद्ध पडला होता का? उलटी झाली का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ आलं की टेंगळावर हळद दाबून विषय संपतो. पण मेंदूला हादरा बसतो, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, तेव्हा बहुसंख्य लोक बेशुद्ध पडतच नाहीत. कवटीत मेंदू जोरात हलतो, पेशींचं कामकाज काही दिवस विस्कळीत होतं. रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, म्हणून सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नाही. सीटी ‘आत रक्त साचलं आहे का’ एवढं सांगतो. ते फार महत्त्वाचं आहे, पण हादरा बसला की नाही हे तो सांगू शकत नाही.

क्रिकेट बघणाऱ्यांना ४ डिसेंबर २०२० चा कॅनबेरातला टी-२० सामना आठवेल. शेवटच्या षटकात स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर लागला. तो पुढेही खेळला. डाव संपल्यावर ड्रेसिंग रूममध्ये वैद्यकीय पथकाने तपासून कन्कशन ठरवलं, आणि त्याच्या जागी आलेल्या चहलने तीन बळी घेतले. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक चिडले. आमच्याकडेही कट्ट्यावर चर्चा रंगली की एवढा धडधाकट खेळत होता, मग कसलं कन्कशन? क्रिकेटच्या त्या डावपेचात मला पडायचं नाही. पण डॉक्टर म्हणून सांगतो, मार लागल्यावर माणूस काही मिनिटं, कधी काही तास ठीक वाटू शकतो, लक्षणं नंतर येतात. असा बदली खेळाडू देण्याचा नियम कसोटी, एकदिवसीय आणि टी-२० या तिन्ही प्रकारांत २०१९ पासून लागू झाला तो म्हणूनच.

लक्षणं अशी: डोकं जड, चक्कर, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणं, तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणं, बोलायला वेळ लागणं, चिडचिड किंवा रडू येणं, वाचताना ओळ हरवणं. शेवटची तीन लक्षणं विद्यार्थ्यांत हमखास दुर्लक्षिली जातात. लातूर काय, नांदेड काय, क्लासच्या वेळापत्रकात आजारी पडायला जागा नसते. मी स्वतःही चुकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाला "सीटी नॉर्मल आहे, उद्यापासून क्लासला जा" असं सांगून पाठवलं. महिनाभर तो डोकेदुखी सोसत बसून राहिला आणि शेवटी घरच्यांनी मानसिक म्हणून दुसरीकडे दाखवलं. ते मला अजून आठवतं.

पुढचं मात्र घरी बघत बसायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं, गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा: उलट्या पुन्हा पुन्हा होणं, डोकेदुखी वाढत जाणं, झोपेतून नीट जागं न होणं, झटके, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं, एक बाहुली मोठी दिसणं, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी लक्षण नसलं तरी दाखवावं. दारू प्यायलेला माणूस पडला तर "नशेत आहे, झोपू द्या" म्हणू नका; नशा आणि मेंदूतला रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात. आजी-आजोबा न्हाणीघरात घसरले आणि दोन-तीन आठवड्यांनी चालताना झोक जायला लागला, बोलणं बदललं, तर त्या जुन्या पडण्याची आठवण डॉक्टरांना जरूर द्या.

"रात्रभर झोपू देऊ नका" हा सल्ला अजून दिला जातो. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपू द्यावं, झोप मेंदूला हवीच असते. पहिल्या रात्री सोबत कुणीतरी असावं, एक-दोनदा हाक मारून नीट उत्तर देतो का बघावं. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडायचीही गरज नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल कमी, मग थोडं चालणं, थोडं वाचन, त्रास वाढला की एक पायरी मागे. कबड्डी, कुस्ती, क्रिकेट, आणि गाडी चालवणंही, पूर्ण बरं होऊन डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नाही. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो.

या दोन आजारांची गाठ एका ठिकाणी पडते, म्हणून त्यांच्यावर एकत्र लिहिलं. डोक्याला जबर मार लागला तर कधी कधी पिट्युटरी ग्रंथीलाच इजा होते. मग हुकूम पाठवणाराच गप्प. थायरॉईडचा हार्मोन कमी पडतो, पण टीएसएच नॉर्मलच्या हद्दीत दिसतं. बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झालेल्या बाईतही हे होऊ शकतं: दूध येत नाही, पाळी परतत नाही, आणि थकवा वर्षानुवर्षं राहतो. अशा वेळी फ्री टी-४ आणि कॉर्टिसॉल तपासावं लागतं, आणि कॉर्टिसॉल बघितल्याशिवाय थायरॉईडची गोळी सुरू करणं धोक्याचं असतं. हा आजार विरळाच. पण "टीएसएच नॉर्मल आहे" म्हणून तो सुटून जातो. त्या अपघाताचं किंवा बाळंतपणाचं पेशंटने स्वतः सांगितलं तरच डॉक्टरला शंका येते. तेव्हा जुनी गोष्ट आहे म्हणून गाळू नका, आणि आम्ही विचारलं नाही तरी सांगा.

त्या मुलाला मी चिठ्ठी लिहून दिली: दोन आठवडे सराव परीक्षा नाही, वाचन एका वेळी वीस मिनिटं, मध्ये विश्रांती. वडिलांनी विचारलं, "सीटी परत काढायचा का?" नाही म्हटलं, तर त्यांना जरा कमीच वाटलं. तीन आठवड्यांनी मुलगा एकटाच बसने आला. डोकं दुखायचं थांबलं होतं. म्हणाला, "वडील आता विचारत्यात, आज कितीवेळ वाचलं ते नाही, डोकं कसं हाय ते."