पास आणि पात्र यांच्यातले पन्नास गुण : उधव्याच्या पोरांची सैन्यभरती कुठे अडते?

दहावीचा निकाल लागला की तलासरी तालुक्यातल्या उधवा आणि आसपासच्या पाड्यांवर एकच प्रश्न विचारला जातो, "पास झाला का?" टक्के किती पडले, हे सहसा कोणी विचारत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीपर्यंत पोहोचले, तिथे पास होणे हाच मोठा आनंद असतो. पण तोच मुलगा वर्ष-दोन वर्षांनी सैन्यभरतीचा अर्ज भरायला बसतो, तेव्हा संगणकावर पहिल्यांदा टक्के मागितले जातात. रोज पहाटे धावणारा, छाती फुगवून दाखवणारा, गावात ज्याला सगळे आधीच "फौजी" म्हणू लागलेले असतात, तो मैदानावर पाऊल ठेवण्याआधीच बाद होतो.

अग्निपथ योजनेवर आपल्या चळवळीत बरीच चर्चा झाली. चार वर्षांची नोकरी, पेन्शन नाही, पुढे काय, हे प्रश्न योग्यच आहेत. पण त्या दाराच्या उंबरठ्यापर्यंत तरी आपली आणि आदिवासी समाजाची किती मुले पोहोचतात, हा प्रश्न मागे राहिला. उधव्यासारख्या गावातून पाहिले तर तोच प्रश्न पहिला ठरतो.

नियम काय सांगतो?

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. सैन्यदलातील अग्निवीर जनरल ड्युटी, म्हणजे ज्याला आपण साधा शिपाई म्हणतो, त्या पदासाठी दहावी उत्तीर्ण, एकूण किमान ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के गुण लागतात. मुलींसाठी असलेल्या मिलिटरी पोलीसच्या पदालाही हीच अट आहे. टेक्निकलसाठी बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजीसह एकूण ५० टक्के व प्रत्येक विषयात ४० टक्के लागतात. क्लार्क व स्टोअरकीपर पदासाठी बारावीला एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० टक्के हवेत.

आपल्यातले अनेक तरुण इथे एक गोष्ट गृहीत धरतात. अनुसूचित जाती-जमातीला गुणांत सवलत असेलच, असे त्यांना वाटते. तशी ती नाही. सैन्याच्या शिपाईभरतीत जातीनिहाय आरक्षण नाही. राज्यांचा वाटा भरतीयोग्य पुरुष लोकसंख्येवरून ठरतो. मान्यताप्राप्त आदिवासी भागातील उमेदवारांना उंचीसारख्या शारीरिक मोजमापात सूट मिळते, पण ४५ टक्क्यांत मिळत नाही. म्हणजे डोंगरात वाढलेल्या शरीराचा विचार नियमाने केला, डोंगरातल्या शाळेचा केला नाही.

दोन सापळे

पहिला सापळा एकूण टक्क्यांचा. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीत विषयात पास व्हायला ३५ गुण लागतात. पाच विषय आणि ५०० गुण धरले, तर काठावर पास होणाऱ्याचे १७५ गुण होतात. सैन्याला हवेत २२५. मधले अंतर पन्नास गुणांचे, म्हणजे प्रत्येक विषयात फक्त दहा गुण. हे दहा गुण पुण्या-मुंबईच्या मुलाला क्षुल्लक वाटतील. आश्रमशाळेतल्या मुलासाठी मात्र तेच नोकरी आणि मजुरी यांच्यातले अंतर आहे.

दुसरा सापळा कमी लोकांना ठाऊक आहे. राज्य मंडळात एकत्रित उत्तीर्णतेची सवलत आहे. गणितात २७ आणि विज्ञानात ४५ गुण पडले, तरी दोन्ही मिळून ७० च्या वर गेल्याने मुलगा पास होतो. गुणपत्रकावर उत्तीर्ण असेच लिहिलेले असते. पण सैन्याचा नियम प्रत्येक विषयात ३३ टक्के मागतो. गणितातले ते २७ गुण तिथे चालत नाहीत, मग एकूण टक्के ५० असले तरी. मंडळाने मुलाला पुढे जाऊ देण्यासाठी दिलेली सवलत भरतीच्या वेळी त्याच्याच आड येते, आणि हे त्याला दहावीच्या आधी कोणी सांगितलेले नसते.

कमी गुणांना कोणते काम?

४५ टक्के नसले तरी एक वाट उरते, ट्रेड्समनची. दहावी पास ट्रेड्समनला एकूण टक्क्यांची अट नाही, प्रत्येक विषयात ३३ टक्के पुरतात. त्यात स्वयंपाकी, धोबी, न्हावी, शिंपी अशी कामे येतात. आठवी पास उमेदवारांसाठी दोन कामे आहेत, हाउसकीपर आणि मेसकीपर.

कोणतेही कष्टाचे काम हलके नाही, आणि ट्रेड्समन हाही सैनिकच असतो. पण आपण जातीच्या समाजात राहतो. साफसफाई, धुणे, हजामत ही कामे जन्मावरून वाटून देणारी व्यवस्था आपण पाहिली आहे. आज अर्जात जात पाहून काम दिले जात नाही, गुण पाहून दिले जाते. पण ज्या गावात गणिताचा शिक्षक टिकत नाही, तिथल्या मुलाचे गुण कमी पडणार, आणि कमी गुणवाल्यासाठी दार कोणत्या कामाचे उघडे राहणार, हेही ठरलेले. नियम सर्वांना सारखा असूनही निकाल जुन्याच उतरंडीवर जाऊन बसू शकतो. समाजशास्त्र शिकताना याला आम्ही विषमतेचे पुनरुत्पादन म्हणत होतो. उधव्यात त्याला नाव नाही, फक्त गुणपत्रक आहे.

आपला इतिहास उलटा फिरला आहे

बौद्ध तरुणांनी या विषयात का पडावे? कारण सैन्य आणि शाळा यांचे नाते आपल्याइतके कोणाला माहीत नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि चौदा वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावातली शाळा महाराच्या पोराला दारात उभी करत नव्हती, त्या काळात लष्करी छावणीत सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना शिकवले जात होते. १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा नोकरीबरोबर शिक्षणाचाही झरा आटला. म्हणूनच गोपाळ बाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला, आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

त्या काळी सैन्यात गेल्यावर शाळा मिळत होती. आज शाळेने नीट शिकवले तरच सैन्यात जाता येते. आपल्या आजोबा-पणजोबांनी जे दार अर्ज-निवेदने करून उघडले, त्याला आज जातीचे कुलूप नाही. पण शाळेचा दर्जा हे नवे कुलूप आहे, आणि ते आपल्या वस्तीपेक्षाही आदिवासी पाड्यावर अधिक घट्ट बसले आहे. आपण लढून काढलेल्या वाटेवर दुसरा शोषित समाज अडत असेल, तर त्याच्या बाजूने बोलणे ही आपली जबाबदारी आहे.

तलासरीत दहा गुण कुठे हरवतात?

तलासरी तालुक्यात सुमारे नव्वद टक्के लोक आदिवासी आहेत. वारली, धोडिया, कोकणा, दुबळा, कातकरी अशा जमाती इथे राहतात. हा पाचव्या अनुसूचीचा प्रदेश आहे. याच तालुक्यातल्या झरी गावी १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारल्यांची ऐतिहासिक सभा झाली. जवळच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचा मोठा प्रयोग केला. म्हणजे शिक्षणाची आणि संघर्षाची परंपरा या मातीत आहे. तरीही गुण कमी पडतात, कारण अडचणी एकावर एक रचल्या जातात.

घरात वारली किंवा धोडिया, बाजारात गुजरातीमिश्रित बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि मग इंग्रजी. पहिलीतले मूल शिक्षकाचे बोलणेच समजून घेत असते तेव्हा अक्षरे पुढे निघून जातात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गणिताचा कठीण भाग शिकवला जातो. आश्रमशाळांत रोजंदारी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत आहे. २०२५ मध्ये याच प्रश्नावर नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन झाले. ते आंदोलन शिक्षकांच्या पोटाचे होते, पण त्यात विद्यार्थ्याच्या गुणपत्रकाचाही प्रश्न होता.

दुसरीकडे कामाची ओढ जवळ आहे. उंबरगाव, वापी, सिल्वासाचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. डहाणू-तलासरीचे कित्येक तरुण गुजरातच्या बंदरांतून मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रातली न दिसणारी हद्द ओलांडली म्हणून त्यांतले काही पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढून आले आहेत. देशाची सीमा या पोरांना ठाऊक आहे. पण ती त्यांना मजूर म्हणून भेटते, जवान म्हणून भेटत नाही.

त्यात वयाचे घड्याळ थांबत नाही. योजनेच्या मूळ नियमात वय साडेसतरा ते एकवीस होते, आणि दर वर्षीच्या अधिसूचनेत जन्मतारखेची मर्यादा दिलेली असते. स्थलांतरामुळे दोन वर्षे मागे पडलेला मुलगा अठराव्या वर्षी दहावी होतो. गुण सुधारण्यात आणखी एक वर्ष गेले तर त्याच्या हातात मोजक्याच भरत्या उरतात.

हे दार इतके महत्त्वाचे आहे का?

अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार आणि चौथ्या वर्षी ४० हजार रुपये मिळतात. त्यातले ३० टक्के सेवा निधीत जातात आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये हाती येतात. जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम केले जाते. बाकीच्यांना पेन्शन नाही. ही रचना न्याय्य नाही, असे माझे मत आहे, आणि तिच्याविरुद्ध बोलत राहिले पाहिजे. पण कारखान्यात कंत्राटदाराकडे रोजावर जाणाऱ्या मुलाला "ही योजना वाईट आहे, जाऊ नकोस" एवढेच सांगून आपले काम संपत नाही. जायचे की नाही हे त्याने ठरवावे. निवड करण्याइतके गुण त्याच्याकडे असावेत, हे पाहणे आपल्या हातात आहे.

शिवाय हे गुण एका सैन्यापुरते नाहीत. केंद्रीय सशस्त्र दलांच्या कॉन्स्टेबल भरतीत नुसती दहावी उत्तीर्ण चालते, अनुसूचित जाती-जमातीला आरक्षण आणि वयात पाच वर्षांची सवलत आहे, आणि नोकरी कायमची आहे. ती परीक्षा २०२४ पासून मराठीतही देता येते. राज्य पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, तिथेही आरक्षण आहे. सैन्याचा ४५ टक्क्यांचा दरवाजा बंद झाला की सगळे संपले, असे समजून वहीपेन टाकणाऱ्या मुलाला हे माहीत असले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

आपल्याकडे भरतीपूर्व प्रशिक्षण म्हणजे मैदान, धावणे आणि पुल-अप. बार्टी आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेची शिबिरेही पात्र झालेल्या उमेदवारासाठी असतात. पण २०२३ पासून सैन्यात आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला आहे. १.६ किलोमीटरची धाव नंतर येते. म्हणून तयारी नववीच्या वर्गातच सुरू व्हायला हवी. त्यासाठी काही कामे आपण लगेच हाती घेऊ शकतो.

एक, नववी-दहावीच्या मुलांना आणि पालकांना ४५ आणि ३३ हे दोन आकडे सांगा. ग्रामसभेत सांगा, बुद्धविहारात सांगा, आश्रमशाळेच्या पालकसभेत सांगा. एकत्रित उत्तीर्णतेचा सापळा उदाहरण देऊन समजवा.

दोन, विहारातील अभ्यासिका गणित आणि इंग्रजीसाठी उघडा, आणि तिचे दार आदिवासी मुलांनाही खुले ठेवा. अभियांत्रिकी किंवा बी.एड. करणाऱ्या आपल्या मुलांनी रविवारचे तीन तास दिले, तरी विषयामागे दहा गुण वाढवता येतात.

तीन, कमी गुणांवर पास झालेल्यांना मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेची माहिती द्या. सर्व विषय घेऊन पुन्हा बसावे लागते, म्हणून निकालानंतर लगेच ठरवायला हवे. शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा अर्ज आणि मुक्त विद्यालयाची वाट आहे. मुक्त विद्यालयातून पास झालेल्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आधीच घेऊन ठेवावी.

चार, आयटीआयकडे दुय्यम म्हणून पाहू नका. दहावीला ५० टक्के आणि इंग्रजी, गणित, विज्ञानात ४० टक्के असतील, तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर टेक्निकलचा अर्ज करता येतो. शाळेत एनसीसी असेल तर प्रमाणपत्राचे जादा गुण मिळतात.

पाच, कागद तपासा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि आधार एकच हवे. आपल्या मुलांच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावर "हिंदू महार" आणि घरी "बौद्ध" असा घोळ असतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा हक्क आहे, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पण जातीचा आणि धर्माचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेत काढून ठेवा.

सहा, मागणी करा. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे प्रत्येक आश्रमशाळेत गणित-इंग्रजीच्या शिक्षकाची जागा भरलेली आहे का, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागा. शाळा पास होणाऱ्यांची टक्केवारी जाहीर करतात. ४५ टक्क्यांच्या वर किती गेले आणि प्रत्येक विषयात ३३ च्या वर किती, ही आकडेवारीही त्यांना विचारा. ती विचारली गेली की शाळा पासच्या पलीकडे पाहू लागतील.

"शिका" हा शब्द आपण बाबासाहेबांच्या नावाने रोज उच्चारतो. उधव्याच्या पोरासाठी त्याचा अर्थ अगदी मोजता येण्यासारखा आहे. प्रत्येक विषयात दहा गुण, एकूण पन्नास. येत्या निकालानंतर पाड्यावर कोणी पेढा हातात ठेवला, तर अभिनंदन करा, आणि त्याच्या शेजारी बसून गुणपत्रकही वाचा.