निवारा कोणाच्या शेजारी?

शहरात बेघरांसाठी निवारा केंद्रे असावीत, याबद्दल सहसा कोणाचे दुमत नसते. मतभेद सुरू होतो तो जागा ठरल्यावर. महापालिकेने एखादी बंद पडलेली शाळा किंवा मंडईच्या इमारतीतील रिकामा मजला या कामासाठी मुक्रर केला, की आसपासच्या रहिवाशांच्या सह्यांचे निवेदन प्रभाग कार्यालयात दाखल होते. नगरसेवक निवेदनाच्या बाजूने उभे राहतात, प्रस्ताव फेरविचारासाठी परत जातो, आणि फेरविचार होता होता पावसाळा येऊन निघून जातो. अशा निवेदनांवर केवळ बंगलेवाल्यांच्याच सह्या असतात असे नाही. चाळींतल्या, म्हाडाच्या वसाहतींतल्या आणि कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतल्या माणसांच्याही सह्या त्यांवर असतात. आपल्या चळवळीशी नाते सांगणारे कार्यकर्तेही शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर कधी कधी सही करून मोकळे होतात. या प्रश्नाचा विचार पक्षाच्या व्यासपीठावर व्हायला हवा, तो याच कारणासाठी.

प्रथम एक पथ्य पाळू या. सही करणाऱ्या माणसाला स्वार्थी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्यातून निवारा उभा राहत नाही. ज्याने आयुष्यभराची पुंजी दोन खोल्यांत घातली, त्याच्या मनात त्या खोल्यांच्या आसपास काय होणार याची धास्ती असणे स्वाभाविक आहे. त्या धास्तीला उत्तर दिले पाहिजे, आणि ते मुद्द्यागणिक दिले पाहिजे.

सर्वांत मोठी शंका अशी, की निवारा झाला म्हणजे बाहेरची माणसे आपल्या भागात येतील. या शंकेमागे एक समज आहे. तो असा, की बेघर माणूस हा शहराबाहेरचा, रिकामटेकडा आणि कामधंद्याशी संबंध नसलेला प्राणी आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. त्या मोजणीत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर माणसे आढळली. त्यांपैकी ९ लाखांहून अधिक शहरांत होती, आणि महाराष्ट्राचा एकूण वाटा २ लाखांहून अधिक होता. एका रात्रीत, पुलाखाली आणि फलाटावर फिरून केलेली ही मोजणी आहे. जो कामावर गेला होता किंवा पोलिसांच्या भीतीने आडोशाला होता, तो तिच्यात आलाच असेल असे नाही.

ही माणसे करतात काय? १९८५ साली स्पार्क या संस्थेने मुंबईतील फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची पाहणी केली. त्या पाहणीतून पुढे आलेले चित्र आजही अभ्यासण्यासारखे आहे. ही कुटुंबे प्रामुख्याने दरिद्री जिल्ह्यांतून आलेली होती. त्यांतील मोठी संख्या भूमिहीनांची होती. ती कामाला लागलेली होती, आणि बहुसंख्य माणसे कामावर पायी जात होती. फुटपाथ त्यांनी निवडला तो कामाच्या जवळ म्हणून. आजही रात्री अकरानंतर मंडईत, रेल्वे स्थानकाबाहेर किंवा मजूर नाक्यावर गेल्यास हेच दिसेल. तेथे झोपलेला माणूस हमाल असतो, हातगाडी ओढणारा असतो, लग्नाच्या मांडवात भांडी घासणारा असतो, कचरा वेचणारा असतो किंवा सकाळी बांधकामावर जाणारा बिगारी असतो. मुंबईत परळला रुग्णालयांबाहेरच्या फुटपाथवर तर उपचारांसाठी दूरच्या गावांहून आलेली कुटुंबेही पथारी पसरून असतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. मजुरी म्हणजे मजुराला दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येता येईल एवढा तरी मोबदला, असे आपण वर्गात शिकवतो. त्यात अन्न आले, वस्त्र आले, तसा निवाराही आला पाहिजे. आपल्या शहरांत मात्र हमाल आणि बिगारी यांच्या मजुरीत निवाऱ्याचा खर्च धरलेलाच नसतो. तो खर्च मजूर उघड्यावर झोपून, म्हणजे स्वतःच्या शरीराने भागवतो. आपल्याला मिळणारी भाजी, बांधलेले घर आणि उचललेला कचरा जेवढा स्वस्त पडतो, त्यातील काही हिस्सा या न दिलेल्या भाड्याचा आहे. तेव्हा निवारा केंद्र ही शहराने बेघरांवर केलेली मेहेरबानी नव्हे. ती शहराकडे थकलेल्या बाकीची अंशतः फेड आहे. २०२० च्या टाळेबंदीत हे उघड्यावर आले. काम बंद पडताच हजारो मजुरांचा रोजगार गेलाच, पण ज्या कारखान्यात, हॉटेलात वा इमारतीच्या सांगाड्यात ते झोपत होते ती जागाही गेली.

म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर असे आहे. निवारा बाहेरची माणसे आणत नाही. आज जी माणसे आपल्याच रस्त्यावर झोपतात, त्यांना तो छपराखाली घेतो.

दुसरी शंका सुरक्षिततेची. एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेत मी याच विषयावर बोलत असता एका भगिनीने मला विचारले, ‘‘सर, तुमची मुलगी रात्री नऊ वाजता या रस्त्याने यायची असती, तर तुम्ही हेच बोलला असता का?’’ प्रश्न रास्त होता. मी त्यांना विचारले, की आज ती शाळेची इमारत बंद आहे, आवारात दिवा नाही आणि भिंतीलगत कोण बसते हे कोणालाच ठाऊक नाही. त्या जागी रात्रभर उघडे दार, दिवा, नोंदवही आणि काळजीवाहक असला, तर रस्ता अधिक धोक्याचा होईल की कमी? त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘‘दिवा पहिला महिनाभर लागेल, सर. पुढचे तुम्हीही जाणता.’’

माझ्या मते या एका वाक्यात साऱ्या विरोधाचे मर्म आहे. त्या भगिनीला बेघर माणसाची भीती होती त्याहून अधिक अविश्वास महापालिकेचा होता. आणि तो निराधार आहे असे कोण म्हणेल? या मुद्द्याकडे मी पुढे येतोच. तूर्त एवढे नोंदवू, की उघड्यावर झोपणाराच असुरक्षिततेचा पहिला बळी असतो. त्याची मजुरी चोरीस जाते, कागदपत्रे हरवतात. बाईमाणसाला तर रात्र जागूनच काढावी लागते. २००२ साली वांद्र्यात दुकानासमोर झोपलेल्या कामगारांवर मोटार चढून एक जण ठार झाला आणि चार जखमी झाले, हे मुंबई विसरलेली नाही.

तिसरी शंका घाणीची. जिथे शौचालय नाही तिथे माणूस उघड्यावर बसतो, मग तो बेघर असो वा घरवाला. घाण ही शौचालयाच्या अभावातून निर्माण होते. निवाऱ्यात पाणी, स्नानगृह आणि शौचालय असले, तर रस्त्यावरची घाण कमीच होईल.

चौथी शंका व्यसनी आणि मनोरुग्ण यांच्याविषयी. बेघरांत अशी माणसे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती आजही रस्त्यावर आहेतच, आणि कोणाच्याही देखरेखीविना आहेत. भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णास संरक्षणाखाली घेण्याचे कर्तव्य २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पोलिसांवर टाकले आहे. त्याला रुग्णालयापर्यंत कोणी न्यावे आणि परत आल्यावर कोठे ठेवावे, याचा पत्ता लागण्यासाठीही शहरात निवारा लागतो.

पाचवी शंका बहुधा उघडपणे बोलली जात नाही. ती म्हणजे घरांच्या किमती उतरतील ही. शहरातील घराची किंमत मुख्यतः ठरते ती जमिनीच्या टंचाईवर आणि स्थानक, शाळा, बाजार यांच्या सान्निध्यावर. एका इमारतीत शंभर माणसांची झोपण्याची सोय झाल्याने ही कारणे नाहीशी होत नाहीत. आणि समजा थोडा फरक पडलाच, तर एक प्रश्न विचारता येईल. सार्वजनिक पैशाने मेट्रो आली, रस्ता रुंद झाला, तेव्हा घरांच्या किमती वाढल्या. त्या वाढीतला वाटा आपण कोणी महापालिकेला देऊ केला नव्हता. समाजाच्या खर्चाने झालेला लाभ आपला, आणि समाजाच्या कर्तव्याचा भार मात्र दुसऱ्या प्रभागाचा, हा हिशेब न्यायाचा नाही.

यातूनच शेवटची सूचना निघते. ‘निवारा करा, पण शहराबाहेर करा.’ ती सौम्य वाटते, म्हणून तिच्याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. पहाटे चारला मंडईत ट्रक उतरवणारा हमाल पंधरा किलोमीटरवरच्या निवाऱ्यात झोपायला जाणार नाही. तो फुटपाथवरच राहील. निवारा रिकामा पडेल, आणि मग ‘या लोकांना छप्पर नकोच असते’ असा निष्कर्ष काढला जाईल. म्हणूनच २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूत्रांत निवारे बेघरांच्या वस्तीच्या आणि कामाच्या जागेजवळ, म्हणजे स्थानके, बस आगारे, घाऊक बाजार यांच्या आसपास असावेत असे सांगितले होते. दर लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय आणि माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा, असे प्रमाण त्यात होते. त्याआधी २०१० साली दिल्लीतील थंडीत झालेल्या मृत्यूंनंतर सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्यांविषयी आदेश दिले आणि नंतर ते अन्य मोठ्या शहरांनाही लागू केले. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने एकट्या मुंबईत सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. तेवढे कधीच झाले नाहीत, आणि प्रत्येक जागेला होणारा विरोध हे त्याचे एक मोठे कारण आहे.

आता त्या भगिनीच्या दिव्याकडे वळू. रहिवाशांचा अविश्वास खरा असेल, तर त्यावरचा उपाय निवारा रोखणे हा नव्हे. निवारा नीट चालवण्याची हमी मिळवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि येथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते. निवारा मंजूर होण्यापूर्वी महापालिकेकडून लेखी घ्यायला हवे, की काळजीवाहक तिन्ही पाळ्यांत राहील. पाणी, वीज आणि सफाई यांची तरतूद दर वर्षीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखवली जाईल. महिलांसाठी व कुटुंबांसाठी वेगळी सोय असेल. शिधापत्रिका, आधार आणि मतदार नोंदणी यांसाठी साहाय्य मिळेल. संचालन समितीवर रहिवाशांचे प्रतिनिधी असतील, तसे निवाऱ्यात राहणाऱ्यांचेही असतील, आणि तिची बैठक दर महिन्याला होईल. तक्रार कोणाकडे करायची, त्या अधिकाऱ्याचे नाव दारावर लिहिलेले असेल. सहीची मोहीम करायचीच असेल, तर ती या मागण्यांसाठी करावी. तीच माणसे, तोच कागद, परंतु मागणी ‘निवारा नको’ अशी न होता ‘निवारा चांगला चालवा’ अशी होईल.

आपल्या चळवळीला निवाऱ्याचा प्रश्न नवा नाही. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याचा आधार घेऊन मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोरेगाव–दिंडोशीला सामान्य माणसांसाठी नागरी निवारा वसाहत उभी केली. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा सोडून दिला आणि तो मार्ग बंद झाला. १९८१ साली मुंबईतील फुटपाथवासीयांना पावसात हाकलण्याचा निर्णय झाला, त्यातून उद्भवलेल्या खटल्यात १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्याच निकालाने नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करण्याची महापालिकेची मुभा कायम ठेवली, हेही विसरता येत नाही. तत्त्व मान्य झाले, छप्पर मिळाले नाही. ते छप्पर न्यायालयाच्या निकालाने आपोआप उभे राहत नाही. ते प्रभागात, सभेत, शेजाऱ्यांशी बोलून उभे करावे लागते.

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. त्यांचे नाव शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला दिले आणि त्यांचा खराटा सर्वांना ठाऊक झाला. त्यांची धर्मशाळा मात्र आपण तीर्थक्षेत्रापुरती मानली. वास्तविक आजच्या शहरात पोट भरण्यासाठी आलेला माणूसही वाटसरूच आहे, आणि त्याच्या मुक्कामाची सोय करणे हे नगराचे काम आहे.

आपल्या प्रभागात असा प्रस्ताव आला, तर निदान एवढे करावे. सही करण्यापूर्वी एका रात्री अकरा वाजता त्या जागेच्या आसपास फिरून यावे, तिथे झोपलेल्या माणसांना ते कोठे काम करतात हे विचारावे, आणि मिळालेली उत्तरे रहिवाशांच्या सभेत सांगावीत. सभेला जाताना वरच्या मागण्यांचा कागद बरोबर असावा. विरोध पहिल्याच सभेत मावळणार नाही. दुसरी, तिसरी सभा घ्यावी लागेल, आणि निवारा सुरू झाल्यावरही समितीच्या बैठकीला जाऊन दिवा लागतो की नाही हे पाहत राहावे लागेल.