कुठल्याच देशाची नसलेली माणसे



‘ज्याला कुठल्याच देशाचे नागरिकत्व नाही, त्याने काहीतरी लपवलेलेच असणार,’ असे परवा आमच्या महिला मंडळात अगदी ठामपणे बोलले गेले. मला ते पटत नाही.

युगांडातल्या आशियाई लोकांचेच बघा. बहुतेक गुजराती व्यापारी, त्यांत काही आपले जैनही. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. नागरिक म्हणून नोंदणी करायला दोन वर्षे होती, आणि ब्रिटिश नागरिकत्व सोडल्याचा कागद तीन महिन्यांत द्यायचा होता. अनेकांचा तो उशिरा पोहोचला. दुकान, कर, मुलांची शाळा, सगळे सुरळीत चालू राहिले. १९७२च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने आशियाईंना ९० दिवसांत चालते व्हायला सांगितले. आपल्याकडे चातुर्मास चालू होता. तिकडे कागद तपासून घ्यायला रांगा लागल्या होत्या. मुदत चुकलेल्यांना सांगण्यात आले, तुम्ही आमचे नागरिक नाहीच. ब्रिटिश नागरिकत्व तर आधीच सोडलेले! मी कॉमर्सची, म्हणून मला हे असे दिसते: एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमाच धरली नाही. अशा माणसांना संयुक्त राष्ट्रांनी ऑस्ट्रिया, इटली, माल्टा इथल्या छावण्यांत नेले.

यात कोण कुठे घुसले होते? कित्येकांचा जन्मच तिथला. निर्वासित आणि राष्ट्रहीन यांत आपण गल्लत करतो. निर्वासिताला स्वतःचा देश असू शकतो, तिथे त्याला भीती असते एवढेच. राष्ट्रहीन माणूस मात्र आपले गाव कधीही न सोडता तसा होऊ शकतो. न बोलणाऱ्या जीवांची हिंसा टाळायला आपण पाणी गाळून पितो. मग माणसाला ‘घुसखोर’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

आणि ‘जन्म जिथला, नागरिकत्व तिथले’ हेही सगळीकडे खरे नाही. आपल्याकडेही १ जुलै १९८७पासून नुसता भारतात जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळत नाही. दुबईतही नाही. तुमची लेक-सून तिकडे बाळंत होणार असेल, तर डिंकाच्या लाडवांसोबत हेही सांगा: बाळाची नोंद भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत करायची. नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते.