पातेलं घरीच राहू द्या

आमच्या घरातल्या मुलींना सोल शहर तोंडपाठ आहे. मोबाईलवर कोरियन मालिका बघून बघून त्यांना हान नदीचा काठ माहीत, नामसान टेकडीवरचा मनोरा माहीत. हानबोक हा तिथला पारंपरिक पोशाख घालून गेलं की ग्योंगबोकगुंग राजवाड्यात तिकीट पडत नाही, हेही माहीत! इतेवॉनमध्ये 1976 साली सुरू झालेली मशीद आणि तिच्या आसपासची हलाल हॉटेलं आम्हाला त्यांनीच दाखवली. जरूर बघावं, अल्लाहची जमीन मोठी आहे. पण मुंबईहून खालाची मुलं सुट्टीत आली आणि "इथं बघण्यासारखं काय आहे?" असं विचारू लागली, की याच मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, "महाबळेश्वर."

मग गाडी ठरते. बायका पहाटे चारला उठून बिर्याणीचं पातेलं चढवतात. दस्तरखान, ताटं, पाण्याचे कॅन, सगळं भरलं जातं आणि गाडीत जागा कमी पडते. पहिलं कोण उतरतं? दादी, नाहीतर सून. "तुम्ही काय, इथल्याच. पुढच्या वेळी." ती पुढची वेळ काही येत नाही. साताऱ्यात सगळा संसार झाला, पण कासचं पठार पाहिलं नाही, अशा बायका आम्हाला आमच्याच नात्यात सांगता येतील. पाहुणचार म्हणजे पाहुण्यांनी फिरायचं आणि घरच्या बाईने रांधायचं, हे कुणी ठरवलं?

म्हणून यंदा पाहुणे आले की पातेलं घरी ठेवा आणि दादीला गाडीत बसवा. पाव, उकडलेली अंडी, खजूर, भडंग एवढं पुरतं.

कास साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटर. सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात हा फुलांचा मोसम. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर पठाराचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं आणि गर्दी इतकी वाढली की आता रोजची माणसं मोजून सोडतात. नोंदणी आधीच ऑनलाइन करावी, शनिवार-रविवार टाळावा. जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ, त्यामुळे झाडं वीतभर आणि फुलं इवलीशी. उभ्याने फोटो काढणाऱ्याला ती दिसत नाहीत, वाकावं लागतं. 'सीतेची आसवं' हे गोड नाव असलेलं निळंजांभळं फूल किडे पकडणाऱ्या वनस्पतीचं आहे, हे सांगितलं की मुलं मोबाईल विसरतात. चालावं मात्र पायवाटेवरूनच. दादीचे गुडघे दुखत असतील तर चालणं किती आहे, हे आधी विचारून घ्या.

फुलांचा मोसम नसेल तर औंधला जा. तिथल्या राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, 1938 साली डोंगरावर उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. ती गाजावाजा न करता टांगलेली आहेत.

पण आमचा जीव खरा मिरजेवर. साताऱ्याहून मिरजेला कोयना एक्स्प्रेसने जावं, म्हणजे "गाडीत जागा नाही" हा बहाणाच उरत नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी मिरज पाहिली ती दवाखान्याच्या बाकावरून. 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभारलं आणि मिरज म्हणजे इलाज, हे समीकरण पक्कं झालं. रिपोर्ट यायला तीन तास आहेत म्हणून आपण बाकावर बसून राहतो, आणि रिक्षाने काही मिनिटांवर सतारी बनवणारी गल्ली असते.

ही कहाणी मुलांना सांगण्यासारखी आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा, सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी, फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या वंशजांचं आडनावच पुढे सितारमेकर झालं. पंढरपूरकडचे भोपळे आणून वाळवतात, कापतात, त्यावर लाकडाची दांडी जोडतात, नक्षी करतात. तंबोऱ्याचा भोपळा तर मुलाला कवेत मावत नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात गेलात तर विचारल्याशिवाय तारेला हात लावू नका. नीट विचारलं तर कारागीर हातातलं काम दाखवतात.

मग मीरासाहेबांचा दर्गा. जियारतीबद्दल आणि गाण्याबद्दल घराघरांत मतं वेगळी असतात, त्यात आम्ही पडत नाही. पण कैरान्याहून निघालेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेचे झाले, 1937 साली वारले आणि याच आवारात त्यांची कबर आहे, हे तर सर्वांनी पाहावं. उरुसात त्यांच्या आठवणीत मोठमोठे कलावंत गातात. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर 1905 साली मिरजेत जन्मली. बाईने तिकीट लावून जाहीर मैफलीत मानाने गावं, ही वाट पाडणाऱ्यांत हिराबाई होत्या. "बायकांनी कुठे जायचं?" असं म्हणणाऱ्या मामूंना हे जरा मोठ्याने ऐकवा.

संध्याकाळ सांगलीत. कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 सालचा. पुढे कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर. इथं हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणत. 2005 च्या महापुरात त्यातली पुष्कळ बुडाली, खराब झाली. रोज सालनात हळद घालणाऱ्या आम्हा बायकांपैकी किती जणींनी पेव पाहिलंय? हरिपूरच्या जुन्या माणसांना विचारा, तोंड कुठे होतं, आत उतरण्याआधी काय काळजी घेत, ते सांगतील. ऐकायला घरच्या सुनेला पुढे बसवा, स्वयंपाकघरातला प्रश्न तीच बरोबर विचारेल.

नमाजाचं आधी बघून ठेवा. कोणत्या मशिदीत स्त्रियांसाठी वुजूची आणि नमाजाची सोय आहे, हे स्थानिक ओळखीतून फोन करून विचारावं. पाच मिनिटांच्या फोनने दिवसभराची घालमेल टळते. तुमच्या गावात अशी सोय असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या अंकात गावाच्या नावासह देऊ.