दृष्ट काढण्याआधी दृष्टी तपासा



“बाळ अजून माझ्याकडे बघत नाही,” असं सून म्हणाली की आपलं उत्तर तयार असतं: “बघेल हळूहळू. याचा बाबाही असाच होता.” कोणी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतं. खुशाल काढा, पण आधी दृष्टी तपासून घ्या.

तीन महिन्यांचं बाळ आईच्या चेहऱ्यावर नजर खिळवतं, औक्षणाच्या निरांजनामागे डोळे फिरवतं. हे होत नसेल, बुबुळं सतत भिरभिरत असतील किंवा बाळ मुठींनी डोळे दाबत असेल, तर जीपीकडे जा आणि नेत्रतज्ज्ञाकडे पाठवण्याचा आग्रह धरा. जन्मानंतरच्या नेहमीच्या तपासणीत मोतीबिंदू सापडतो; दृष्टिपटलाचे आनुवंशिक आजार मात्र निसटू शकतात.

अशा जन्मजात अंधत्वाचं वर्णन थिओडोर लेबर यांनी १८६९ साली केलं. पुढे दीर्घकाळ त्यावर उपायच नव्हता. आता आरपीई६५ या जनुकातल्या दोषावर ‘लक्सटर्ना’ आहे. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर होती. इंग्लंडमध्ये हा खर्च एनएचएस उचलते. निरोगी जनुक पोचवायला दृष्टिपटलाच्या पेशी जिवंत हव्यात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र वर्षाच्या आतल्या बाळांना हा उपचार देण्याची शिफारस नाही, कारण त्यांच्या पेशी अजून विभागत असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष उपचाराचं नसलं तरी निदानाचं आहे. ते वाया घालवू नका.

एआयपीएल१ या जनुकाच्या दोषात तर घाई अधिकच. लंडनमध्ये उपचार झालेल्या चार लहानग्यांची हकिकत २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. उपचार केलेल्या डोळ्याची दृष्टी चौघांचीही सुधारली. चारच मुलं आहेत, हे विसरू नये. पण आशेला आधार आहे.

उरतो प्रश्न आपल्या मौनाचा. हे दोन्ही दोष आई-वडील दोघांकडून येतात. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत हा धोका वाढतो. तरीही “मुलींची लग्नं अडतील” म्हणून आंधळ्या काकाचा विषय आपण टाळतो. इथे वाढलेल्या तरुण वाचकांनो, या दिवाळीत आत्याला, मावशीला फोन कराल तेव्हा हेही विचारा. आणि आम्ही ज्येष्ठांनी लाज न बाळगता खरं सांगावं. लपवलेल्या माहितीची किंमत बाळ मोजतं.